पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव आणि आक्कांची टाकी

ही सहल म्हणून ठरलेली नव्हती. आम्ही गाडी दाखवायला चाळीसगावला निघालो होतो. गिऱ्हाइकाला पसंत पडली तर गाडी तिथंच सोडायची आणि येताना एसटीनं यायचं, म्हणून सामानही मोजकंच घेतलं होतं. वाटेत कन्नडजवळच्या खेड्यात मिलिंदची मोठी बहीण, आक्का, राहते. तिच्याकडं मुक्काम, जमलं तर पितळखोऱ्याची लेणी, मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव, असा बेत होता. बजाजनगरहून निघताना शेजारणीनं विचारलं, फिरायला का? मी हो म्हटलं, आणि खोटं बोलल्यासारखं वाटून पटकन गाडीत बसले.

पहिल्यांदाच इथं आलेल्यांसाठी सांगते. मी सुजाता. सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. मिलिंद माझे यजमान. तोंडावर मी 'अहो'च म्हणते, पण लिहिताना 'आमचे हे' लिहायला लागले की मलाच हसू येतं, म्हणून ब्लॉगवर तो नुसता मिलिंद. वाळूजच्या एका कारखान्यात तो इंजिन टेस्टिंगला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची इंजिनं ऐकली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक घेतली. जुनीच, पण टर्बो पेट्रोल, जर्मन बनावटीची, अंगानं लहान आणि पळायला वाघ. लोक निवृत्तीच्या पैशातून घरावर मजला चढवतात, आम्ही ही गाडी दारात आणली. नातेवाइकांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही, त्यातले बरेच जण हा ब्लॉग वाचतात.

काही महिने त्यानं ती मनसोक्त चालवली. मग काचबिंदू निघाला. या दुखण्यात समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू दिसेनासं होतं, आणि माणसाला वाटत राहतं की आपल्याला सगळं दिसतंय. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद सांगितलं, त्यांच्या आधी मी सांगितलं होतं. चावी माझ्याकडं आली. मी उशिरा गाडी शिकलेली बाई, तीही एका साध्या छोट्या गाडीवर. ही गाडी घेऊन वाळूजच्या रस्त्यावर निघाले की शेजारी बसून मिलिंद दर वळणाला पाय दाबायचा, ब्रेक जसा काही त्याच्याच बाजूला होता. शेवटी एक दिवस म्हणाला, "ही गाडी तुझ्या हातची नाय. विकून टाकू."

मला गाडीचं एवढं नव्हतं, मला त्याचं होतं. डोळ्यांचं कळल्यापासून माणूस गप्प झाला होता. टीव्ही नको, मित्र नकोत, विहारातल्या रविवारच्या बैठकीलाही काहीतरी कारण काढायचा. फक्त गाडीचा विषय निघाला की पूर्वीचा मिलिंद थोडा वेळ दिसायचा. ती गेली की तो खुर्चीत बसणार आणि मग उठणारच नाही, याची मला भीती होती. दवाखान्यात मी अशी बसलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत. पण तसं तोंडावर बोलले असते तर तो म्हणाला असता, मला पेशंट करू नको. म्हणून निमूट गाडी काढली.

पहिला थांबा क्रांती चौकाजवळचा पेट्रोल पंप. बजाजनगरहून कन्नडला जायला शहरात शिरायची गरज नाही, पण आमच्या गाडीचं पथ्यपाणी वेगळं आहे. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीनं एक चिठ्ठी चिकटवलेली असते. अशी गाडी घ्यायचा विचार असेल तर सगळ्यात आधी ती चिठ्ठी वाचा, मग रंग बघा. आमच्या चिठ्ठीवर अठ्ठ्याण्णव लिहिलंय आणि पुढं कंसात पंच्याण्णव. म्हणजे अठ्ठ्याण्णव ऑक्टेन द्या, नसेल तर पंच्याण्णव चालेल, पण त्याखाली नको.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हे मला मिलिंदनंच शिकवलं. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. इंजिनात दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडेपर्यंत पेट न घेता थांबायची तयारी. टर्बो इंजिन हवा आधीच दाबून आत घेतं, म्हणून त्याला सोशिक पेट्रोल लागतं. कमी सोशिक पेट्रोल पडलं तर ते वेळेआधी पेटतं आणि आतून टकटक ऐकू येते. झाकण ठेवलेल्या भांड्यात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात, तसा आवाज. त्याला नॉकिंग म्हणतात. हल्लीच्या इंजिनांना ही टकटक ओळखणारा सेन्सर असतो, तो ठिणगी जरा मागं ढकलून सांभाळून घेतो, पण तेव्हा गाडीचा जोर कमी होतो. आणि त्याच्या सांभाळण्यालाही मर्यादा आहे. टकटक चालूच राहिली तर पिस्टनचं नुकसान होतं.

उलट, ज्या गाडीला साधं पेट्रोल सांगितलंय तिला शंभर ऑक्टेन पाजून काही मिळत नाही. बीपी नसलेल्या माणसानं बीपीची गोळी खाण्यातला प्रकार. आमच्याकडं रीत अशी की अर्धं शंभरचं आणि अर्धं पंच्याण्णवचं घ्यायचं, म्हणजे मिळून अठ्ठ्याण्णवच्या जवळ जातं. शंभरचं सगळ्या पंपांवर नसतं आणि साध्यापेक्षा बरंच महाग पडतं, तेव्हा निघण्याआधी पंपावर विचारून घ्या. साध्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉलही जास्त असतं. त्यानं ऑक्टेन वाढतो म्हणतात, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते रोज मानवेलच असं नाही. कधीमधी ठीक. तुमच्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते बघा, माझं ऐकू नका.

एरवी मिलिंद टाकी गळ्यापर्यंत भरायला लावायचा. त्या दिवशी मिश्रण तेच सांगितलं, पण चाळीसगावपर्यंत पुरेल एवढंच. त्या थोड्याशा पेट्रोलनं मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आपण गाडी विकायला चाललोय.

सरळ जायचं असेल तर आता चौपदरी रस्ता आहे, बिनातक्रार. आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्यानं, दौलताबादवरून गेलो. किल्ल्याच्या दरवाज्यातून गाडी काढताना समोरून बस आली तर कुणीतरी मागं घ्यायचंच असतं, आणि ते कुणीतरी बहुतेक मीच असते. दरवाज्यापलीकडं सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. दिवाळी नुकतीच झालेली, हवेत सुखाचा गारवा. वेरूळला चहा घेतला. पुढं कन्नडपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या मागं जोडून, डुलत डुलत कारखान्याकडं चाललेले. त्यांच्यामागं धीर धरा. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आपल्या काचेच्या बरोबर उंचीवर असतो. मिलिंद मात्र सारखा म्हणत होता, आता काढ, आता काढ. त्याला उजवीकडची मोटारसायकल दिसत नव्हती. मला दिसत होती.

गाव जवळ आलं तसा तो अस्वस्थ झाला. वेशीच्या अलीकडं लिंबाखाली म्हणाला, गाडी थांबव, इथून मी घेतो. दोन मिनिटांचा रस्ता, रहदारी नाही, त्याच्या पायाखालचा. मला कळलं. डोळ्यांचं त्यानं आक्कांना सांगितलंच नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा आक्कांनी त्याला वाढवलेला. आपण आता अधू झालो हे तिच्यापुढं कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण मी चावी दिली नाही. म्हटलं, शाळा सुटायची वेळ आहे, पोरं कडेनं पळत येतात. आणि मी गाडी तशीच दारात नेली.

आक्का ओट्यावरच होत्या. मला गाडी चालवताना बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग हसल्या. मिलिंद उतरता उतरता म्हणाला, "हिलाच शौक आलाय लई. मी म्हटलं, चालव." आणि चाळीसगावला एका मित्राकडं चाललोय म्हणून सांगितलं. विकण्याचंही नाव काढलं नाही.

आक्कांच्या हातची येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी यावर मी काय लिहू? भाजलेल्या धान्याचं पीठ लावलेली ती तिखट आमटी खाऊन नाक पुसत बसायचं, हेच त्या घरचं स्वागत. आक्का एकट्या असतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, थोडी जमीन आहे ती बटईनं दिलेली. गुडघे कुरकुरतात पण जीभ नाही. मिलिंदला त्यांनी आग्रह करकरून जेवू घातलं आणि त्यानं खाल्लं, घरी खात नाही तेवढं. त्या जेवणासाठी मी त्यांची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पितळखोऱ्याला गेलो. कन्नडहून रस्ता बरा आहे, शेवटचा तुकडा अरुंद. सोबत पाणी आणि खायचं घेऊनच जा, तिथं काही मिळेल असं धरून चालू नका. वर पठारावरून पायऱ्या खाली दरीत उतरतात आणि अजिंठा-वेरूळची गर्दी मनातून पुसली जाते. आम्ही गेलो तेव्हा एक वनरक्षक आणि माकडं, बस. डोंगराच्या पोटात कोरलेले हत्ती रांगेनं उभे आहेत, काहींचे चेहरे झिजलेत, पण पावलं अजून जमिनीत घट्ट रोवलेली आहेत. चैत्यगृहातले कितीतरी खांब पडलेत, उरलेल्यांवर पुसट चित्रं आहेत.

उतरताना मी मिलिंदचा कोपर धरला. त्यानं झिडकारला नाही, हेच मला नवीन होतं. पायरी कुठं संपते ते त्याला कळत नव्हतं आणि तो पाय चाचपत टाकत होता. चैत्यगृहात आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं. दगडात आवाज घुमत राहिला. मिलिंद बराच वेळ डोळे मिटून उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, आत कुठंतरी पाणी ठिबकतंय, ऐकलंस का? मी नव्हतं ऐकलं. परत जाऊन कान दिला तेव्हा कुठं ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी निघताना आक्का कन्नडच्या बाजारापर्यंत आमच्यासोबत आल्या. आठवडी बाजार होता. मेथीच्या जुड्या, हिरवे वाटाणे, नव्या सुपांचे ढीग, आणि जीपवाल्यांचं तेच जुनं ओरडणं. आक्कांनी आमच्यासाठी लसूण घेतला, स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. परत गाडीत बसल्यावर म्हणाल्या, जरा पंपावर घे. मला वाटलं कुणाला भेटायचं असेल. त्या स्वतःच दार उघडून उतरल्या आणि पंपावरच्या माणसाला म्हणाल्या, "टाकी फुल कर. पैशे मी देनार हाय."

मिलिंद गडबडला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आक्का, नको. ह्या गाडीला हे पेट्रोल नाय चालत. दुसरं लागतं, महागाचं."

"गाडीची वैरण बी येगळी हाय व्हय तुझ्या?" आक्का म्हणाल्या. मग खिडकीशी येऊन त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी पाहुणा बैलगाडीनं यायचा, आणि त्याच्या बैलांना वैरण घातल्याशिवाय त्याला कुणी जाऊ देत नसे. पाहुण्याचे बैल उपाशी गेले तर घराला कमीपणा. आता बैल राहिले नाहीत, म्हणून त्या घरी आलेल्या प्रत्येकाच्या गाडीत पेट्रोल घालतात. मोटारसायकलवाल्या भाच्यांच्या सुद्धा. "तू कदी मला घालू दिलं नाय. दर बारीला भरूनच येतूस. यंदा काटा खाली दिसला मला."

काटा खाली का होता ते आम्हां दोघांनाच माहीत. मिलिंदनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. झाकण उघडायचं बटण माझ्या बाजूला होतं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. आक्का पदराची गाठ सोडत उभ्या होत्या. मी बटण दाबलं.

टाकी भरून वाहायला आली तेव्हा कुठं आक्कांचं समाधान झालं. त्यांना गावाच्या जीपमध्ये बसवून दिलं. जीप दिसेनाशी होताच मिलिंद फुटला. दाखवायला नेतोय ती गाडी आणि पोटात हे, घाटात इंजिन वाजलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, तुला कळत कसं नाही? मी म्हटलं, आक्कांना नाही म्हणायचं पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं ते सांगा. त्यानंतर घाट उतरून होईपर्यंत आम्ही बोललो नाही.

औट्रम घाटाबद्दल मात्र बोललं पाहिजे. कन्नडचं पठार एकदम संपतं आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. जड वाहनांना सध्या घाटात बंदी आहे, त्यामुळे रस्ता पूर्वीपेक्षा मोकळा. पावसाळ्यात दरड पडते, तेव्हा आधी चौकशी करा. उतरताना सतत ब्रेक दाबू नका, खालचा गिअर टाका आणि इंजिनलाच गाडी धरू द्या. माकडांना खायला घालू नका, ती खिडकीतून आत येतात.

गिऱ्हाईक म्हणजे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला एक तरुण. भला माणूस. आधी शेवभाजीचं जेवण घातलं, घाम फुटेल अशी तिखट, मग चक्कर मारायला बसला. मिलिंद शेजारी, मी मागं. गाव मागं पडल्यावर त्यानं वरच्याच गिअरमध्ये, गाडी हळू असताना, रेस खालपर्यंत दाबली. एसी चालू, दुपारचं ऊन. आणि इंजिनातून लाह्या फुटायला लागल्या. मला सुद्धा ऐकू आल्या. मिलिंदनं डॅशबोर्डवर हात ठेवला, रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि हळूच म्हणाला, गिअर उतरवा. त्या तरुणानं उतरवला, आवाज थांबला. त्याला तो ऐकूच आला नव्हता, गाडी आवडली होती.

मिलिंदनं त्याला खरं ते सांगितलं. आज पोटात साधं पेट्रोल आहे, हिला किमान पंच्याण्णव लागतं, दाबून चालवायची तर अठ्ठ्याण्णव. तरुणही प्रामाणिक. म्हणाला, "काका, मला रोज धुळं-मालेगाव करायचंय. वाटेत जे मिळेल ते टाकणार, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण गाडी आजच ठेवून गेलात तरी माझी ना नाही."

चक्कर संपल्यावर चावी माझ्या हातात आली होती; मिलिंदनं तिच्यासाठी हात पुढं केला. आता बोलले नाही तर कधीच नाही, असं झालं.

"ही टाकी आक्कांची आहे," मी म्हटलं. "त्यांनी घातलेली वैरण दुसऱ्याच्या दारात बांधून आपण एसटीनं जायचं? एवढी टाकी आपण संपवू. मग मी स्वतः आणून देते गाडी."

"ह्या पेट्रोलवर घाट चढवणार? तू?"

"मी चढवते. तुम्ही फक्त ऐका. टकटक झाली की सांगा, मी पाय काढते."

तो तरुण मधल्या मध्ये अवघडून उभा होता. मिलिंद त्याला म्हणाला, दोन दिवसांत कळवतो, आणि गाडीकडं चालू लागला.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही घाटाच्या पायथ्याशी होतो. मला घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू. हा घाट मी चढून कधीच आले नव्हते. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. असं पेट्रोल पोटात असेल तर काय करायचं ते मिलिंदकडूनच कितीदा ऐकलं होतं. वरच्या गिअरमध्ये ओढायचं नाही, वेळेवर खालचा टाकायचा, इंजिन मोकळं फिरू द्यायचं, रेस दाबायची नाही, टेकवायची. घाई करायची नाही. कुणाला पुढं जायचं असेल तर खुशाल जाऊ द्यायचं. गर्भार बाईला जिना चढवतो तशी मी ती गाडी चढवत होते.

पहिल्या वळणाला माझं लक्ष मिलिंदच्या पायाकडं गेलं. तो दाबत नव्हता. मान वर करून बघितलं तर त्यानं डोळे मिटले होते. क्षणभर मला भीती वाटली. मग कळलं, ऐकतोय. उघड्या डोळ्यांनी त्याला रस्त्याचा अर्धाच भाग दिसायचा आणि उरलेला तो घाबरून मनातच भरायचा. मिटलेल्या डोळ्यांनी त्याला अख्खं इंजिन ऐकू येत होतं.

वर गेलो तसा चढ वाढला. एका अवघड वळणावर पुढची जीप मध्येच थांबली आणि मलाही थांबावं लागलं. चढावर, मागं गाड्या, पहिल्या गिअरमधून परत उचलायची. मी हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला, गाडी थरथरली आणि चालती झाली. मिलिंदनं डोळे उघडले नाहीत. फक्त एकदा म्हणाला, "आता दुसरा." मी तोवर टाकलाच होता. त्याला ते ऐकू आलं असावं, कारण तो हसला. किती महिन्यांनी.

माथ्यावर चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मिलिंद उतरला, बॉनेटपाशी जाऊन उभा राहिला, परत माझ्या खिडकीशी आला.

"एकदाबी वाजलं नाय," तो म्हणाला. "मी चालवली असती तर वाजलं असतं. मी दाबली असती, सुजाता. माझ्यानं राहावलं नसतं."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. टपरीवाल्यानं न सांगता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्याचंही भलं होवो. चहा पिता पिता मिलिंदनं त्या तरुणाला फोन लावला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं त्यानं. मिलिंद म्हणाला, "घरात चालवणारं माणूस हाय. मला उशिरा कळलं."

पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं डुलत आम्ही उजेडात घरी पोचलो.

आता हिशेब मांडायचाच तर असा. अशा गाडीला चिठ्ठीवरचं पेट्रोल द्या, तिथं काटकसर नको. पण एखाद्या वेळी ते नाही मिळालं, किंवा कुणी प्रेमानं दुसरं भरून दिलं, तर घाबरून जाऊ नका. पाय हलका ठेवा, एसी आणि वरचा गिअर चढावर विसरा, आणि टाकी अर्धी झाली की वरून शंभरचं घाला. आम्ही तसंच केलं. गाडी छान आहे. पितळखोरं जरूर बघा, कन्नडचा बाजार लागला तर लसूण घ्या. आणि मला विचाराल तर या प्रवासातलं सगळ्यात चांगलं पेट्रोल कन्नडच्या पंपावर मिळालं, चिठ्ठी काहीही म्हणो.

घरी आल्यावर मी भात टाकला होता. मिलिंदनं आक्कांना फोन लावला, पोचलो म्हणून सांगायला. मला वाटलं नेहमीसारखा दोन वाक्यांत ठेवून देईल. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, आक्का, मी तुला एक सांगितलं नाय. मला कडेचं दिसत नाय आता. डॉक्टरनं गाडी बंद केलीय. मित्राकडं नाय, गाडी विकाया चाललो होतो. नाय विकली. सुजाता चालवती.

मग त्यानं फोन माझ्याकडं दिला. आक्कांचा आवाज जड झाला होता, पण रडत नव्हत्या.

"सुजाता, त्याला मागं नको बसवू गं," त्या म्हणाल्या. "म्होरं बसव. तुझ्या शेजारी."

मी म्हटलं, "शेजारीच बसतात, आक्का."